रांजणाखालचा शेजारी

जालना शहरात कुणालाही विचारा, बेडूक बघायला कुठे जाऊ? तो घाणेवाडीच्या तलावाकडे बोट दाखवेल, फार तर मोती तलावाकडे. पाणी तिथे बेडूक, हा हिशेब आपल्या डोक्यात पक्का बसलेला आहे. या प्रकरणात ज्याच्या मागे लागायचं आहे, तो प्राणी हा हिशेब मानत नाही. त्याला शोधायचं तर मे महिन्याच्या दुपारी शेतातल्या एखाद्या आखाड्यावर जावं, रांजणातलं गार पाणी प्यावं आणि मग तोच रांजण एका अंगाने किंचित तिरपा करून खाली बॅटरीचा उजेड टाकावा. विटांच्या बेचक्यात, ओल्या मातीवर, पाय पोटाखाली घेऊन एक ढेकूळ बसलेलं असतं. उजेड पडला तरी ते जागचं हलत नाही. फक्त गळा खालीवर होत राहतो, आणि त्यावरूनच कळतं की हे ढेकूळ नाही.

त्याला तिथे पाणी मिळतं. पण तो ते तोंडाने पीत नाही, बेडकांपैकी जवळपास कुणीच पीत नाही. पोटाच्या खालच्या भागात, मांड्यांच्या मधे, त्वचेचा एक पातळ आणि रक्तवाहिन्यांनी भरलेला पट्टा असतो. ओल्या मातीवर बूड टेकवलं की त्या कातडीतून पाणी आत झिरपतं. पाझरणारा रांजण ही आपली गार पाण्याची सोय, तशी त्याची पाणपोई. आत आलेलं पाणी तो मूत्राशयात साठवून ठेवतो आणि कोरड्या दिवसांत तिथूनच परत अंगात ओढून घेतो. उन्हाळ्यात त्याला उचललं की तो हातावर धार सोडतो. ‘घाण केली’ म्हणून आपण झटकतो, पण ती त्याची कोरड्या दिवसांची शिदोरी सांडलेली असते. म्हणून या प्रकरणातला पहिला नियम: उन्हाळ्यात बघायचं, उचलायचं नाही.

जालना जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेसहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही मोजक्या दिवसांत आणि मनाला येईल तसा. अशा मुलखात पाण्याला चिकटून राहणाऱ्याचं फार दिवस भागत नाही. आपल्या या शेजाऱ्याने कोरड्याशी जुळवून घेतलं आहे. कातडी जाड, खरबरीत. वर्षातल्या काही रात्री सोडल्या तर त्याला डबक्याची गरज लागत नाही.

नावाचं आधी उरकून टाकू. संस्कृतात भेक म्हणजे साधा बेडूक. मराठी परिभाषेत हा शब्द इंग्रजीतल्या ‘टोड’साठी राखून ठेवला गेला. गावात मात्र कुणी भेक म्हणत नाही, सगळे बेडूकच. मीही कागदावर भेक लिहितो आणि आखाड्यावर बेडूक म्हणतो. जीवशास्त्राच्या दृष्टीने त्यात चूकही नाही, कारण प्रत्येक भेक हा बेडूकच असतो, प्रत्येक बेडूक मात्र भेक नसतो. बुफोनिडी नावाच्या कुळात जन्मलेले ते खरे भेक, आणि जगात त्यांच्या सहाशेहून जास्त जाती आहेत. महाराष्ट्रात नाव झालं ते सह्याद्रीतल्या भेकांचं: 1963 साली वर्णन झालेला कोयनेचा भेक आणि 2009 साली जगापुढे आलेला आंबोलीचा भेक. दोघेही अगदी थोड्या जागेत राहतात, म्हणून त्यांच्यामागे कॅमेरे घेऊन माणसं फिरतात. मराठवाड्याच्या वाट्याला आला तो पाकिस्तानापासून इंडोनेशियापर्यंत पसरलेला साधा भेक. श्नायडर या जर्मन निसर्ग-अभ्यासकाने 1799 साली त्याला ‘मेलॅनोस्टिक्टस’, म्हणजे काळ्या ठिपक्यांचा, असं नाव दिलं. पुढे दोनशे वर्षं तो बुफो या प्रजातीत होता. 2006 मध्ये या आशियाई भेकांची प्रजाती वेगळी काढली गेली आणि तिला ओडिशाचे बेडूकतज्ज्ञ सुशील कुमार दत्ता यांच्यावरून ‘दत्ताफ्रायनस’ म्हटलं गेलं. रांजणाखालच्या या गृहस्थाच्या नावात आता एक दत्ता आहे, ही गोष्ट मी गावात आवर्जून सांगतो.

ओळख पटवताना रंगाच्या नादी लागू नये. एकच भेक कोरडा असताना राखाडी आणि भिजल्यावर काळपट-तपकिरी दिसतो, दुसरा विटेच्या रंगाचा निघतो. डोक्याकडे बघा. नाकपुडीजवळून हाडाची एक उंच कड निघते, डोळ्याच्या वरून मागे जाते, डोळ्याला वळसा घालते आणि कानाच्या गोल पडद्याच्या दिशेने उतरते. या कडेची धार काळी असते, जणू कुणी काजळाची कांडी फिरवली आहे. समोरून पाहिलं तर म्हाताऱ्या मास्तरांच्या चष्म्याची काळी फ्रेम आठवते. ही फ्रेम दिसली की निम्मं काम झालं. मग नजर डोळ्याच्या मागे न्या. तिथे दोन्ही बाजूंना काजूगराएवढा, काजूगराच्याच आकाराचा फुगवटा असतो. ही विषाची ग्रंथी. फ्रेम आणि फुगवटा दोन्ही असले की जालन्यात दुसरा कुणी असण्याचा संभव फार थोडा. बाकीच्या खुणा पडताळ्यापुरत्या: पाठीवरच्या मोठ्या पुळ्यांच्या टोकांना काळे खरखरीत ठिपके, डोळ्यातली बाहुली आडवी, मागचे पाय अंगाच्या मानाने आखूड. म्हणूनच तो बेडूकउडी मारत नाही. टुणटुण करत वीतभर पुढे जातो, थांबतो, आणि पुष्कळदा चक्क चालतो. मादी नरापेक्षा थोराड, दहा-बारा सेंटिमीटरची सहज असते. नराचा गळा पावसाळ्यात पिवळसर होतो आणि पुढच्या पायांच्या आतल्या बोटांवर काळे खरबरीत गादीसारखे डाग येतात. मादीला पाण्यात घट्ट धरून ठेवायला त्यांचा उपयोग होतो.

काजूगरातल्या विषाबद्दल गावोगाव दोन समजुती आहेत, एक खोटी आणि एक खरी. भेकाला हात लावला की चामखीळ येते, ही खोटी. चामखीळ विषाणूने येते, भेकाचा तिच्याशी संबंध नाही. कुत्र्याने त्याला तोंडात धरलं तर फेस येतो, ही खरी. दाबलं किंवा चावलं की फुगवट्यातून दुधासारखा चिकट स्राव येतो. त्यातली काही द्रव्यं हृदयाच्या स्नायूवर जवळपास तसंच काम करतात, जसं हृदयविकारावरचं डिजिटॅलिस हे औषध करतं. मात्रा जास्त झाली तर लहान कुत्रं दगावूही शकतं. माणसाने हात लावल्यावर साबणाने धुतले आणि मधल्या वेळात डोळे चोळले नाहीत, एवढी खबरदारी पुरते. आपल्याकडच्या नानेटीसारख्या सापांना या विषाचं फारसं काही वाटत नाही, कारण दोघांचा शेजार फार जुना आहे. तो शेजार नसेल तर काय होतं, हे मादागास्करमध्ये दिसलं. तिथल्या तोआमासिना बंदराच्या परिसरात 2014 मध्ये हाच काळ्या ठिपक्यांचा भेक मोकळा फिरताना आढळला. त्या बेटावर भेक कुळातलं कुणी कधी नव्हतं. पुढच्या अभ्यासात तिथल्या जवळजवळ कुठल्याच शिकारी प्राण्याच्या शरीरात या विषाला तोंड देणारी रचना सापडली नाही. आपल्या अंगणात जो गरीब गाय, तोच तिथे आक्रमक ठरला.

मृग लागला की शोधाची जागा बदलते. आता कान वापरायचे. शाळेच्या पुस्तकापासून आपण शिकलो ते ‘डराव डराव’ भेकाचं नाही. ते मोठ्या पाणबेडकाचं, ज्याचे नर पहिल्या पावसात लिंबासारखे पिवळे होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळे फुगे फुगवतात. भेकाचा आवाज लांबलचक, एकसुरी, कंप पावणारा: कुर्र-कुर्र-कुर्र असा तो दम लागेपर्यंत चालतो, थांबतो, परत सुरू होतो. लांबून ऐकलं तर कुणीतरी दूर मळणीयंत्र लावलंय असा भास होतो. आवाजावरून आणि अंगावरून बेडूक वेगळे करायची ही रीत नवी नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक सूक्त आहे. त्यात गाईसारख्या आवाजाचा एक, बोकडासारख्या आवाजाचा एक, ठिपक्यांचा एक आणि हिरवा एक असा भेद केलेला आहे. सूक्त यज्ञासाठी रचलं की पावसासाठी यावर पंडितांनी वाद घालावा. ज्याने ते रचलं तो पावसाच्या रात्री डबक्याकाठी उभा राहिला होता, एवढं मला पुरेसं आहे.

आपलं पंचांगही बेडकाला विसरलेलं नाही. नक्षत्राचं वाहन बेडूक निघालं की पाऊस चांगला, असं शेतकरी अजून धरून चालतो. पाऊस ओढ देतो तेव्हा मुलं धोंडी मागतात, लिंबाच्या डहाळ्यांत काठीला बेडूक बांधून घरोघर फिरतात आणि बाया वरून तांब्याभर पाणी ओततात. त्या काठीला बांधलेला बेडूक बहुतेक वेळा आपला भेकच असावा, असा माझा कयास आहे. दुष्काळात डबकी आटलेली असतात, पाण्यातले बेडूक चिखलाखाली किंवा विहिरीच्या तळाशी गेलेले असतात. हाताशी सापडतो तो न्हाणीच्या मोरीत बसलेला हाच. 2012-13 मध्ये जालन्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, त्या वर्षीही मोरीतलं सांडपाणी रोज होतं.

जिल्हा एकसारखा नाही, म्हणून शोधही एकसारखा नको. उत्तरेला भोकरदन-जाफराबादकडे अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे उतरतात. तिथे मुरमाड माळ, दगडांचे ढीग, ओढ्यांतले डोह. दिवसा भेक दगडाखाली असतो, पण बोटं घालून दगड उलटू नयेत, कारण त्याच सावलीला विंचू आणि फुरसंही येतं. मधल्या पट्ट्यात, बदनापूर-जालन्याच्या बाजूला, दुधनेच्या आणि कुंडलिकेच्या काठची काळी रानं. उन्हाळ्यात या रानाला हात-हात खोल भेगा पडतात आणि त्यांच्या तळाशी वरच्यापेक्षा कितीतरी गारवा असतो. पहिला मोठा पाऊस पडून भेगा बुजू लागल्या की आत लपलेले सगळे जण एकदम वर येतात. दक्षिणेला अंबड, घनसावंगी, परतूर इथे जायकवाडीचा डावा कालवा आणि पुढे गोदावरी. कालव्याच्या पाझरामुळे तिथली जमीन कुठे ना कुठे ओली असते, त्यामुळे हिवाळ्यातही भेक दिसतो. मोसंबीच्या बागेत ठिबकच्या नळीखाली ओल्या वर्तुळात बूड टेकून बसलेला मी पाहिला आहे. ठिबक सिंचनाचा एवढा मन लावून उपयोग करणारा दुसरा लाभार्थी नसेल.

तालुका कुठलाही असो, एक जागा हमखास: पहिल्या पावसानंतरची संध्याकाळ आणि आखाड्याजवळचं लिंबाचं झाड. त्या दिवसांत हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघून लिंबावर, बाभळीवर आणि बोरीवर जमतात. कृषी खातं दरवर्षी सांगतं की झाड हलवा, भुंगेरे पाडा, गोळा करा. झाडाखाली बॅटरी मारून बघा, हे काम कुणीतरी आधीच हातात घेतलेलं असतं. भुंगेरा सरकला की भेक मान तिरकी करतो, मागच्या पायाचं एक बोट थरथरवतो, आणि जीभ बाहेर येऊन परत गेलेली आपल्या डोळ्यांना दिसतही नाही. दिसतं ते पुढचं: घास खाली ढकलताना दोन्ही डोळे मिटून आत दबले जातात. वाळवीला पंख फुटून ती दिव्याभोवती उडू लागली की ओसरीच्या बल्बखालीही हीच पंगत बसते.

आता फसगतीविषयी, कारण नवशिक्याचे निम्मे ‘भेक’ भेक नसतात. मराठवाड्यातल्या शेतात गोल, गुबगुबीत, आखूड पायांचा एक बेडूक निघतो. पाठीवर पुळ्या असतात, उडी आखूड असते, आणि माणूस छातीठोकपणे त्याला भेक म्हणून मोकळा होतो. डोळ्यामागे बघा: काजूगर नाही. डोक्यावर काळी कड नाही. पाठीच्या मधोमध बऱ्याचदा फिकट रेघ असते. पायाचा तळवा दिसला तर टाचेजवळ फावड्याच्या पात्यासारखा कडक उंचवटा दिसेल. हा बिळकरी बेडूक, मागच्या मागे माती उकरत जमिनीत उतरतो, आणि बघता बघता फक्त नाकाचा शेंडा वर राहतो. पुण्याचे आनंद पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017 मध्ये पश्चिम भारतातल्या अशाच एका बेडकाचं ‘पश्चिमा’ या नावाने वर्णन केलं. त्यालाच भाऊ शोभेल असा दुसरा, फुग्याबेडूक: डोकं इवलंसं, तोंड चिमटीएवढं, अंग मात्र फुगवलेला फुगा. त्याचंही आयुष्य मातीखालीच.

खऱ्या भेकांतही एक जोड आहे. मध्य आणि पश्चिम भारताच्या कोरड्या भागांत संगमरवरी भेक मिळतो. काजूगर त्यालाही आहे, पण डोक्यावरची काळी कड नाही, कपाळ सपाट, आणि पाठीवर फिकट-गडद नक्षी. तुमच्या हाती फ्रेमशिवायचा भेक लागला तर घाई करू नका. आधी तो पिल्लू तर नाही ना ते बघा, कारण पिल्लांच्या डोक्यावरची कड नीट उठलेली नसते. मोठा असेल तर वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो काढा. असा फोटो जालन्यातून निघाला तर मला बघायला आवडेल.

वाद मिटत नसेल तर अंडी निकाल देतात. पहिल्या जोरदार पावसानंतर एक-दोन दिवसांनी, रस्त्याकडेच्या उथळ डबक्यात सकाळी डोकावा. पाणबेडकांची अंडी पाण्यावर किंवा तळाशी विखुरलेली असतात, झाडबेडूक पांढऱ्या फेसाचा गोळा करतो. भेक दोऱ्या घालतो. पारदर्शक जेलीच्या लांबच लांब दोऱ्या गवताच्या काड्यांभोवती गुंडाळलेल्या, आणि आत काळे मणी ओळीने ओवलेले. एका मादीची अंडी हजारांनी असतात. दुसऱ्या कुणाचं काम असं नीटनेटकं नसतं, त्यामुळे दोरी दिसली की आई-बाप न बघताही भेक म्हणून नोंद करायला हरकत नाही. उबदार पाण्यात दोन दिवसांच्या आसपास पिल्लं सुटतात आणि शाईचे थेंब सांडावेत तसे काळेकुट्ट डिंभ कळपाने फिरू लागतात. हा कळप वाटतो तसा आंधळा नसतो. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि सहकाऱ्यांनी याच भेकाच्या डिंभांवर प्रयोग केले. एका आईची पिल्लं परक्या पिल्लांपेक्षा आपल्या भावंडांच्या जवळ राहणं पसंत करतात, असं त्यांना आढळलं.

महिना-दीड महिन्यात शेपटी जिरते आणि सेंटिमीटरभराचे भेक एकाच ओल्या दिवशी शेकड्यांनी बाहेर पडतात. ‘काल बेडकांचा पाऊस पडला’ म्हणून सांगणारे लोक खोटं बोलत नसतात, त्यांनी फक्त आदल्या महिन्यात डबक्यात पाहिलेलं नसतं. या दिवसांत जालना-राजूर-भोकरदनसारख्या रस्त्यांवर सकाळी चपट्या झालेल्या भेकांची रांग दिसते. बघवत नाही, पण वाळलेल्या भेकाच्या डोक्यावरची कडसुद्धा ओळखता येते, तेव्हा तीही नोंदच.

रात्री निघायचं तर एकट्याने नको. पायात गमबूट, हातात चांगली बॅटरी, दुसऱ्या हातात काठी. भेक ज्या वाटेने येतो तिथे नाग आणि घोणसही येतात, कारण एकाला भेक चालतो आणि दुसरीला त्याच वाटेवरचा उंदीर. डबक्याजवळ पोचलात की बॅटरी बंद करून पाच मिनिटं नुसतं उभं राहा. चालू झालेला आवाज मोबाइलवर टिपून घ्या, मग उजेड लावा. भेकाच्या डोळ्यांवरून उजेड परततो, त्यामुळे गवतात दोन ठिणग्या दिसतात. धरायचाच झाला तर हात ओले करून, कमरेशी, हलक्या हाताने. नर असेल आणि काखेत बोट लागलं तर तो पिकपिक करून निषेध नोंदवतो. ‘मी मादी नाही, सोड’ असा त्याचा साधा अर्थ. दुसऱ्या नरांनाही तो हेच सांगतो.

शेततळ्याचा उल्लेख राहिला. कडवंचीसारख्या गावांनी शेततळ्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या आणि जिल्ह्यात त्याचं अनुकरण झालं. प्लॅस्टिकच्या कागदाचं तळं माणसाला वरदान, पण गुळगुळीत तिरप्या काठावरून आत घसरलेला भेक परत वर चढू शकत नाही. काठावरून पाण्यात एक जुनं पोतं किंवा सुतळीचं जाळं सोडून ठेवलं की तो त्याला धरून बाहेर येतो. खर्च शून्य.

आणि एक विनंती. पावसाळा सुरू झाला की डासांसाठी साचलेल्या पाण्यात जळकं ऑइल टाकायला सांगतात. घराला लागून असलेल्या डबक्यात टाकावं लागलं तर टाका, डेंग्यू ही थट्टा नाही. पण रानातल्या, बांधाकडेच्या डबक्यात टाकण्याआधी एकदा उकिडवं बसून बघा. काळ्या मण्यांची दोरी दिसली तर डबा तसाच परत घेऊन या.